मॉन्टिचेलोचा भाजीमळा

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत दर सोमवारी सकाळी अंगुस्तानभर लेट्यूसचं बी पेरायचं, असा नियम टॉमस जेफरसनने आपल्या मळ्यासाठी घालून दिला होता. शिवणकाम करणाऱ्याच्या बोटावरचं अंगुस्तान हे त्याचं माप. त्याहून जास्त पेरलं तर सगळा पाला एकदम तयार होतो आणि खाऊन संपायच्या आत तुऱ्यावर येऊन कडू पडतो. कमी पेरलं तर ताटात खंड पडतो. परसात मेथी-कोथिंबीर लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे गणित कोणी शिकवावं लागत नाही. पण हे लिहून ठेवणारा माणूस अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष होता, आणि १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही त्याच्याच लेखणीतून उतरलेला होता.

त्याचं घर व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावाबाहेर एका टेकडीच्या माथ्यावर आहे. टेकडीचं नाव मॉन्टिचेलो, घराचंही तेच. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर ज्या घुमटाच्या घराचं चित्र असतं ते हे घर. माणसं येतात ती घुमट बघायला, आणि वेळ उरला तर खाली मळ्यात डोकावतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. तसली घुमटाची घरं युरोपात पुष्कळ आहेत. हा मळा मात्र एकच.

घराच्या खालच्या अंगाला, आग्नेयेकडे उतरणाऱ्या कुशीत, डोंगर कापून एक लांबलचक सपाट पट्टी काढलेली आहे. लांबी १००० फूट, रुंदी ८० फूट. खालच्या बाजूने दगडी ताल घालून ती तोलून धरली आहे आणि काही ठिकाणी हा ताल दोन पुरुष उंच आहे. पट्टीचे २४ मोठे चौक पाडलेले होते आणि त्यांची वाटणी झाडाचा कोणता भाग खायचा यावरून केलेली होती : एका भागात फळभाज्या, एका भागात कंदमुळं, एका भागात पालेभाज्या. आपल्या मंडईतले गाळे असेच लागतात, त्यामुळे मराठी माणसाला या मळ्यात वाट चुकायची भीती नाही.

जागा मोठ्या हुशारीने निवडलेली होती. आग्नेयेकडे तोंड म्हणजे सकाळचं ऊन लवकर आणि भरपूर. दुसरं कारण रात्रीचं. थंड हवा जड असते. निरभ्र रात्री ती उतारावरून ओघळत खाली दरीत जाऊन साचते. त्यामुळे दरीतल्या शेतांवर हिम पडून रोपं काळवंडतात, त्याच रात्री डोंगरकुशीतली ही पट्टी सुखरूप असते. वसंतात काही दिवस आधी पेरता येतं आणि शरदात काही दिवस उशिरापर्यंत तोडता येतं. तोटाही उंचीचाच होता. माथ्यावरची विहीर कोरड्या वर्षात आटायची आणि पाण्याचे हाल व्हायचे. पावसाचं पाणी साठवायला घराजवळ टाक्या बांधल्या, त्यांनीही पुरतं भागलं नाही.

डोंगर कोणी कापला, हे सांगितल्याशिवाय या मळ्याबद्दल काहीही सांगणं अर्धवट ठरेल. १८०६ साली हे काम सुरू झालं तेव्हा जेफरसन वॉशिंग्टनला होता. मॉन्टिचेलोवर त्याच्या मालकीची माणसं होतीच. शिवाय दुसऱ्या एका शेतमालकाकडून गुलाम भाड्याने आणले गेले आणि त्यांनी लाल चिकणमाती खणून, गाड्यांतून वाहून ही पट्टी सपाट केली. आयुष्यभरात जेफरसनच्या मालकीत ६०० हून अधिक माणसं होती. ‘सर्व माणसे समान’ हा विचार जगापुढे मांडणाऱ्याची ही दुसरी बाजू आता मॉन्टिचेलोवरच उघडपणे सांगितली जाते, आणि ती सांगायला तिथल्या संस्थेने बराच काळ लावला, हेही खरं.

पट्टी तयार झाल्यावर भोवती दहा फूट उंचीचं लाकडी कुंपण आलं. त्याच्या पाट्या इतक्या जवळजवळ ठोकायच्या की सशाचं पिल्लूसुद्धा आत शिरता कामा नये, अशी मालकाची सूचना होती. मध्यावर, तालाच्या कडेवर, एक लहानशी चौकोनी खोली बांधली. चारी बाजूंनी खिडक्या, खाली फळबाग, समोर उतरत गेलेली दरी. संध्याकाळी जेफरसन तिथे वाचत बसायचा.

वही

जेफरसनला नोंदी ठेवायचं वेडच होतं. बागेची वही त्याने १७६६ साली सुरू केली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि शेवटची नोंद १८२४ची आहे. अठ्ठावन्न वर्षं! मधली कित्येक वर्षं तो पॅरिसला राजदूत म्हणून किंवा वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष म्हणून घराबाहेर होता, तेव्हा नोंदी विरळ होतात. १८०९ साली निवृत्त होऊन घरी आल्यावर त्या दाट होतात. कोणतं बी कोणत्या चौकात कधी पेरलं, रोप कधी हलवलं, भाजी ताटात कधी आली, संपली कधी, असे रकाने पाडलेले. एकूण ३३० प्रकारच्या भाज्या आणि १७० प्रकारची फळं त्याने लावून पाहिली.

हा आकडा ऐकून दिपून जाण्याआधी वही नीट चाळावी. ‘वाया गेलं’, ‘किडीने खाल्लं’ या अर्थाच्या नोंदी पानोपानी आहेत. एखादी भाजी दोनदा-तीनदा फसली तरी हा गडी चौथ्यांदा पेरायचा, आणि एकाच भाजीचे दहा-पंधरा प्रकार शेजारी शेजारी लावून त्यातला बरा तेवढा ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचा. जुने वाण जपावेत असा विचार त्याच्या मनात कधी आलेला दिसत नाही. त्याला नवं हवं होतं, लांबून आलेलं, कोणाकडे नसलेलं. आज ज्या भाज्यांना ‘वारसा’ म्हणून पाटी लावली जाते त्या त्याच्या काळात नव्या कोऱ्या होत्या. १७८७ साली इटलीत गेला असताना तिथलं भाताचं बी बाहेर न्यायला बंदी होती, तेव्हा या थोर मुत्सद्द्याने कोटाच्या खिशांत साळी भरून आणली.

मटार त्याच्या सर्वांत आवडीचा. शेजारपाजारच्या जमीनदारांत दर वसंतात पैज लागायची : ज्याच्या मळ्यातला मटार पहिल्यांदा ताटात येईल त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. जिंकणाऱ्याने खर्च करायचा ही रीत मला फार आवडते. जॉर्ज डायव्हर्स नावाचा शेजारी बहुतेक वेळा जिंकायचा. एका वर्षी जेफरसनचा मटार आधी तयार झाला. घरच्यांनी आठवण केली, आता आमंत्रणं पाठवा. त्याने गप्प बसायला सांगितलं. आपण कधीच हरत नाही असं डायव्हर्सला वाटत राहिलं तर त्याला बरं वाटेल, म्हणाला.

पैजेमागे शेतीचं एक साधं कारणही होतं. मटाराची शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर सुरू होतं. सकाळी तोडलेला मटार दुपारी गोड लागतो, दुसऱ्या दिवशी पिठूळ. गोठवायची सोय नसलेल्या काळात ताजा मटार हे फक्त मळा दारात असणाऱ्याचं सुख होतं, आणि तेही वर्षातून काही आठवडे. ते आठवडे लांबवायला जेफरसन लवकर येणारे, मधले आणि उशिरा येणारे असे वेगवेगळे वाण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरायचा. आजच्या बाजारात मटाराचा एखादाच वाण वर्षभर पिशवीत मिळतो. त्या पिशवीने बाकीच्या वाणांची गरजच संपवली. ते कोणी मुद्दाम मारले नाहीत.

बी कुठून आलं

वहीत नावं आहेत ती मोठ्या माणसांची. पॅरिसच्या राजोद्यानातला आंद्रे तुआँ वर्षानुवर्षं बियांच्या पेट्या पाठवायचा. फिलाडेल्फियाचा बीविक्रेता बर्नार्ड मॅकमॅहॉन, ज्याचं १८०६ सालचं बागकामाचं पुस्तक अमेरिकेत पुढची पन्नास वर्षं चाललं, तो तर दोस्तच होता. लुइस आणि क्लार्क यांची पश्चिमेकडची मोहीम १८०६ साली परतली तेव्हा मिझुरी नदीकाठच्या अरिकारा लोकांचा घेवडा सोबत आला. अरिकारांमध्ये शेती बायका करत. त्यांनी त्या थंड, छोट्या उन्हाळ्याच्या प्रदेशात कित्येक पिढ्या निवडून निवडून लवकर पिकणारा घेवडा तयार केला होता. जेफरसनने तो लावला, खाल्ला, वाखाणला. अरिकारा घेवड्याचं बी आजही अमेरिकेत विकत मिळतं.

१८१३ साली डॉक्टर सॅम्युएल ब्राउन यांनी टेक्सासकडच्या रानमिरचीचं बी पाठवलं. मिरी-एवढ्या गोल, जहाल मिरच्या, पक्षी खाऊन बी पसरवतात अशा. पुढच्या वर्षी जेफरसनने त्या काही कुंड्यांत आणि काही मळ्यात लावल्या आणि थोडं बी मॅकमॅहॉनकडे धाडलं. जगभरच्या मिरच्या मुळात अमेरिका खंडातल्याच. त्यामुळे लवंगी मिरचीवर वाढलेल्या वाचकाला ही मिरची फार परकी वाटणार नाही.

भेंडी आणि तीळ यांची गोष्ट निराळी. भेंडी आणि तीळ अमेरिकेच्या दक्षिणेत पोचले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर. त्यांना ती पिकं लावायची, रांधायची माहीत होती. १८०८ साली जेफरसनने तिळाचं तेल घातलेलं सॅलड खाल्लं आणि त्याला ते इतकं आवडलं की ऑलिव्ह तेलाला हा पर्याय होईल म्हणून त्याने तीळ लावायचा ध्यास घेतला. भेंडी मळ्यात आली ती १८०९च्या सुमारास. त्याच्या नातींनी उतरवून ठेवलेल्या पाककृतींत भेंडी आणि टोमॅटो एकत्र शिजवलेलं सूप आहे. चुलीपुढे त्या नाती नव्हत्या, स्वयंपाकघरातल्या गुलाम बायका होत्या.

आता एका दुसऱ्या वहीविषयी. जेफरसनची नात अ‍ॅन केरी रँडॉल्फ हिने १८०५ ते १८०८ या वर्षांत घरखर्चाचा हिशेब ठेवला. गुलाम कुटुंबांना आपल्या खोपटांभोवती छोटे परसमळे करायची मुभा होती. दिवसभर मालकाचं काम करून रात्री आणि रविवारी ती त्यात राबत आणि पिकलेलं मोठ्या घराला विकत. अ‍ॅनच्या हिशेबात त्यांच्याकडून घेतलेल्या काकड्या, कोबी, कलिंगडं, कोंबड्या, अंडी यांच्या नोंदी आहेत. स्वतःचा मळा दारात असताना घरात भाजी येत होती ती या परसांतून! मालक प्रयोग करत होता आणि रोजचं ताट भरायला खात्रीचं पीक दुसरीकडून आणावं लागत होतं. या परसमळ्यांत काय काय लावलं जायचं, बी कोण कोणाला द्यायचं, ते कसं जपलं जायचं, याची वही कोणी ठेवली नाही. तिथलं कळतं ते एवढंच, विकत घेणाऱ्याच्या बाजूने.

मळ्याचा मुख्य माळी वर्मली ह्यूज. जन्म १७८१चा. लहानपणी खिळे घडवायच्या भट्टीत काम करायचा. पुढे रॉबर्ट बेली या स्कॉटिश माळ्याच्या हाताखाली शिकला. जेफरसन वॉशिंग्टनला असताना तिथून आलेली बियांची पाकिटं, कंद आणि रोपं जमिनीत घालायचा तो वर्मली. वहीतल्या शेकडो ‘पेरलं’मागचा हात बहुतेक त्याचा किंवा त्याच्या जोडीदारांचा. ४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारला तेव्हा त्याची कबरही वर्मलीनेच खणली. जेफरसनच्या मुलीने वर्मलीला जाऊ दिलं. पण मालकामागे एक लाख डॉलरहून जास्त कर्ज राहिलं होतं. जानेवारी १८२७मध्ये मॉन्टिचेलोच्या हिरवळीवर १३० माणसांचा लिलाव झाला, आणि त्यात वर्मलीची बायको अर्सुला आणि मुलं विकली गेली.

जमिनीतले डाग

माळी गेले, मळा गेला. खोली वादळात पडली, कुंपण सडलं, तालाचे दगड ढासळले, घर विकलं गेलं. १९२३ साली एका न्यासाने घर विकत घेतलं तेव्हा भाजीमळ्याच्या जागी गवताचा उतार होता.

आधी फुलबाग सावरली गेली. १९३९च्या सुमारास घरामागच्या हिरवळीवरची नागमोडी पायवाट शोधायची होती, आणि दिवसा काहीच दिसेना. तेव्हा कोणाला तरी सुचलं : रात्री मोटारगाड्या आणून त्यांचे दिवे गवतावर आडवे सोडले. जुन्या वाटेचा खळगा सावलीने उठून दिसला.

भाजीमळ्याची पाळी १९७९ साली आली. पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांच्या देखरेखीखाली खोदाई झाली. तालाचा पाया सापडला, त्या वाचायच्या खोलीचा पाया सापडला, कुंपणाच्या खांबांचे खड्डे सापडले. फळबागेत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते सापडलं : झाडांचे डाग. झाड मरून मुळं कुजली की त्या खड्ड्यातली माती आजूबाजूच्या लाल मातीपेक्षा गडद राहते. वरचा थर अलगद खरवडला की लाल जमिनीवर काळपट गोल उमटतात. त्या गोलांचं अंतर मोजलं, जेफरसनच्या नकाशाशी ताडून पाहिलं, आणि त्याच जागी नवी झाडं लावली. १९८४पर्यंत पट्टी पुन्हा उभी राहिली. पीटर हॅच यांनी १९७७ ते २०१२ अशी पस्तीस वर्षं तिथल्या बागांचा कारभार पाहिला. पुढची बहुतेक मेहनत त्यांच्या काळातली.

ताल, खोली, कुंपण, खड्डे सगळं सापडलं. बी मात्र जमिनीत सापडत नाही. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, लेट्यूसचं तीन-चार वर्षांत. टोमॅटो, काकडीचं जरा जास्त टिकतं. दीडशे वर्षं खणात ठेवलेलं बी रुजत नाही. कोणी तरी, कुठे तरी, दर थोड्या वर्षांनी ते पेरत राहिलेलं असेल तरच वाण शिल्लक राहतो. त्यामुळे मॉन्टिचेलोत आज जे लेट्यूस आणि जो घेवडा दिसतो तो जेफरसनच्या बियांचा सरळ वंश असेलच असं नाही. ती नावं आणि ते वाण इतरांच्या परसांतून, बियाणं जमवणाऱ्या छंदी लोकांकडून आणि बीपेढ्यांतून परत आले. वहीचा उपयोग कशाचा शोध घ्यायचा हे सांगण्यापुरता झाला. मी मॉन्टिचेलोच्या ‘जेफरसनचा मळा’ या पाटीखाली मनातल्या मनात ही एक ओळ जोडून वाचतो.

वाण शुद्ध ठेवायचा म्हणजे

असा मळा चालवणं हे देखण्या बागेपेक्षा फार वेगळं काम आहे, आणि ते झाडाझाडागणिक बदलतं.

मटार, घेवडा, लेट्यूस, टोमॅटो ही सोपी मंडळी. त्यांचं फूल पुरतं उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे दोन वाण काही फुटांवर लावले तरी सहसा बिघडत नाही. टोमॅटोचं बी काढायची एक खास रीत आहे. पिकून मऊ झालेलं फळ चिरायचं, बिया आणि गर थोड्या पाण्यात घालून भांडं दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचं. वर पांढरट साय धरते, आंबूस वास सुटतो आणि बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटून जातं. हे आवरणच ओल्या फळात बी रुजू देत नाही. मग पाणी घालून ढवळायचं. पोकळ बिया तरंगतात, भरीव तळाशी बसतात. त्या ताटलीवर वाळवायच्या. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात आणि सुटता सुटत नाहीत.

भेंडी आणि वांगं यांचा भरवसा नाही. बहुतेक वेळा ती स्वतःवरच फळतात, पण मधमाश्या फिरतात आणि अधूनमधून घोटाळा करतात. काकडी-भोपळ्याचं तर विचारूच नका. नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं, मधमाशीशिवाय काम होत नाही, आणि मधमाशी मैलभर सहज हिंडते. हजार फुटांच्या पट्टीत भोपळ्याचे तीन वाण लावले तर पुढच्या वर्षी तीनपैकी एकही धड निघणार नाही. उपाय हाताने करायचा. संध्याकाळी उद्या उमलणारी मादीकळी हेरून तिच्या पाकळ्या दोऱ्याने बांधायच्या, नरकळीचंही तसंच. सकाळी मधमाशीच्या आधी मळ्यात जाऊन नरफुलाच्या पाकळ्या काढून टाकायच्या, उरलेल्या केसराने मादीफूल अलगद पुसायचं, पुन्हा बांधायचं आणि देठाला खुणेची चिंधी लावायची. फळ जून होऊन साल नखाने टोचेनाशी होईपर्यंत ते तोडायचं नाही. खुणेचा भोपळा स्वयंपाकघरात गेला की सगळं मुसळ केरात.

कोबी, गाजर, बीट यांना बी यायला दोन वर्षं लागतात. मधला हिवाळा काढावा लागतो. गाजरात आणखी एक काटा आहे. व्हर्जिनियाच्या रस्त्याकडेला पांढऱ्या छत्रीच्या फुलांचं रानगाजर माजलेलं असतं, आणि ते मळ्यातल्या गाजराशी संकर करतं. बी घेतलं तर पुढच्या पिढीत पांढरी, काष्ठासारखी मुळं निघतात. मक्याला वारा पुरतो, आणि शिवाय पाच-दहा ताटांचं बी घेऊन भागत नाही. मोठ्या संख्येने झाडं नसतील तर दोन-चार पिढ्यांत वाण खुरटत जातो.

यातून एक अडचण निघते जी पर्यटकांसाठी ठेवलेल्या मळ्यालाच भोगावी लागते. बी धरायचं तर झाड म्हातारं होऊ द्यावं लागतं. लेट्यूस तुऱ्यावर येऊन वाकडंतिकडं होतं, मुळा कमरेएवढा वाढून आडवा पडतो, भेंड्या झाडावर वाळून तडकतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे दुर्लक्षित दिसतं. नीटनेटकं दिसण्यासाठी ते उपटलं तर वाण जातो. मॉन्टिचेलोने १९८७ साली टेकडीखालच्या आपल्या एका शेतावर ऐतिहासिक वनस्पतींचं वेगळं केंद्र काढलं, तिथे बियांसाठी पिकं घेता येतात आणि बी-रोपं विकलीही जातात. माझा कल मात्र असा आहे की बागेतल्या निदान एका चौकात वाळकी, तडकलेली, कुरूप भाजी उभी राहू द्यावी. बी कुठून येतं हे लोकांना दुसरं कुठे दिसणार?

फळांचा न्याय वेगळा. सफरचंदाचं बी पेरलं तर आईसारखं झाड कधीच येत नाही. रायवळ आंब्याच्या कोयीतून काय निघेल ते कोकणातला माणूस जसं सांगू शकत नाही, तसंच. वाण टिकवायचा तर कलम बांधायचं. आजच्या न्यूटाउन पिपिन सफरचंदाच्या प्रत्येक झाडाच्या फांद्या जेफरसनच्या काळातल्या त्याच झाडाचा, कलमामागून कलम करत आलेला, तुकडा आहेत. इसोपस स्पिट्झनबर्ग हे दुसरं खाण्याचं सफरचंद, तेही असंच वाचलं. ह्यूज क्रॅब हे सायडरसाठीचं बारकं, तुरट फळ वाचलं. चौथं वाचलं नाही. तालिअफेरो नावाचं लहान सफरचंद, ज्याच्या सायडरची जेफरसनने मुक्तकंठाने स्तुती केली, ते कलम बांधणारा कोणी उरला नाही म्हणून नाहीसं झालं. अधूनमधून कोणी तरी जुन्या बागेत ते सापडल्याचं सांगतं, पण ताडून पाहायला जेफरसनच्या चार ओळींपलीकडे काही नाही.

द्राक्षांत तडजोड करावी लागली. १८०७ साली जेफरसनने २४ युरोपीय जातींचे वेल लावले आणि ते सगळे मेले. मुळांवरची अमेरिकन कीड आणि बुरशी यांच्यापुढे युरोपीय वेलाचा टिकाव लागत नाही, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. १९८०च्या दशकात पुन्हा द्राक्षबाग लावताना तेच युरोपीय वेल अमेरिकन खुंटावर कलम करून लावले. वर जेफरसनची द्राक्षं, खाली त्याच्या मरणानंतर सापडलेली युक्ती. काटेकोर इतिहासप्रेमी याला नाक मुरडतील. हुबेहूब इतिहास हवा असेल तर मेलेले वेल दाखवावे लागतील.

जांभळ्या शेंगांची कमान

उन्हाळा सरत आला की मॉन्टिचेलोच्या भाजीमळ्यातल्या कमानीवर जांभळ्या फुलांची, चकचकीत जांभळ्या शेंगांची वेल चढलेली असते. तिचे फोटो निघतात. अमेरिकेत ती जेफरसनचा घेवडा म्हणून विकली जाते, पण जेफरसनने तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. १८१२ साली कमानीवर पांढऱ्या, लाल, किरमिजी, जांभळ्या फुलांचे घेवडे लावल्याची नोंद आहे, आणि मॅकमॅहॉन हे बी विकत होता, एवढाच धागा. वेल कोणती? आपला वाल. पावटा, वाल, कडवे वाल ज्या जातीचे, त्याच जातीचा जांभळ्या शेंगांचा प्रकार. तिकडे तो शोभेचा. वाळके दाणे नीट न शिजवता खाल्ले तर बाधतात, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. इकडे रायगडात भात काढल्यावर जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल होतो, आणि रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, कोमट पाण्यात सोलून त्याचं बिरडं होतं. भिजवण्या-सोलण्यात आणि पाणी टाकून देण्यात त्यातलं बाधणारं बरंचसं निघून जातं. कडवटपणा थोडा राहतो. तो हवाच असतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांचे कितीतरी स्थानिक प्रकार जमवले, भात आणि भाज्यांचे वेगळेच. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बीपेढी ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने उभी राहिली. तिथे गाडग्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून बी ठेवण्याच्या जुन्या रीती चालतात, आणि नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट बी हंगामानंतर परत आणायचं अशी अट असते. मॉन्टिचेलोकडे अठ्ठावन्न वर्षांची वही आहे आणि सलग चालत आलेलं बी नाही. कोंभाळण्याच्या बायकांकडे बी आहे. वही अलीकडची, संस्थेच्या लोकांनी लिहिलेली.

अमेरिकेत राहणारी मराठी माणसं इथलं वालाचं किंवा पावट्याचं बी लावून पाहतात, आणि बहुतेकांची एकच तक्रार असते : वेल छतापर्यंत गेला, पानंच पानं, शेंग एक नाही. कारण दिवसाच्या लांबीत आहे. आपले पुष्कळसे पारंपरिक वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. तिकडचे उन्हाळ्यातले दिवस आपल्यापेक्षा खूप लांब. फुलं यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो, आणि तोवर उत्तरेकडे हिम पडून वेल मरतो. कमानीवरच्या जांभळ्या प्रकाराचं हे अडत नाही, म्हणून तो तिकडे शोभेसाठी का होईना टिकला. बिरड्याचा वाल हवा असेल तर वेल घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चढवावा, शक्य तितके जास्त वेल लावावेत, आणि त्यांतल्या ज्या एखाददुसऱ्यावर हिमाआधी शेंगा वाळतील त्यांचे दाणे न शिजवता पुढच्या मे महिन्यासाठी ठेवावेत. अरिकारा बायकांनी घेवड्याचं केलं ते असंच, फक्त त्यांना त्यासाठी कित्येक पिढ्या मिळाल्या होत्या.